कॅम्पर ट्रेलरसाठी गिझर कोणता घ्यावा? आणि कोणता चुकूनही आत बसवू नये

मे महिन्यात नागपूरच्या माणसाला "गिझर कोणता घेऊ?" असं विचारून बघा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग छतावरच्या टाकीकडे. टाकीचं पाणीच तेव्हा असं तापलेलं असतं की आंघोळीला दुपारभर बादली भरून गार करावी लागते. पण हेच नागपूर थंडीत वेगळं असतं. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आणि फिरायला आपण निघतो तेही नेमके डिसेंबर-जानेवारीतच: पेंच, ताडोबा, नवेगाव, नाहीतर सरळ चिखलदरा. सकाळी सहाला सफारीच्या गेटवर पोहोचायचं आणि त्याआधी गार पाण्याने आंघोळ करायची, हे माझ्याच्याने तरी होत नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून आपल्याकडेही लोक जुनी ट्रॅव्हलर बदलून घेतात, किंवा गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर बनवून घेतात. माझ्या मित्रानेही हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून असाच एक ट्रेलर बनवायला घेतला. दोन माणसांची झोपायची जागा, मागे उघडणारं किचन, आणि कोपऱ्यात ८० बाय ८० सेंटिमीटरचं, १९० सेंटिमीटर उंच बाथरूम. बाथरूम कसलं, उभं कपाटच. आमच्या ग्रुपमध्ये वायरी आणि बॅटरीची कामं माझ्याकडे असतात, म्हणून मीही सोबत गेलो होतो.

(कायद्याचं एका ओळीत: ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते, आणि नोंदणी झालेल्या गाडीत परवानगीशिवाय मोठे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. बनवायला टाकण्याआधी आरटीओत विचारून घ्या.)

सगळं छान चाललं होतं. गिझरचा विषय निघाला आणि फॅब्रिकेटर म्हणाला, "घरचाच गॅस गिझर लावून देतो ना भाऊ, आत बाथरूममध्ये. नळ उघडला की गरम पाणी. खिडकी ठेवून देऊ छोटीशी." मित्र लगेच तयार. मी म्हटलं, नाही. फॅब्रिकेटर हसला, "तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिले."

टेन्शनचं कारण सांगतो.

इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाथरूममध्ये गॅस गिझर होता. जानेवारीत वारा येतो म्हणून आम्हीच खिडकीला पुठ्ठा लावला होता. एका सकाळी आमचा एक रूममेट आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. हाक मारली, उत्तर नाही. आत पाणी पडतंय, गिझरचा भर्रर्र आवाज येतोय. खांद्याने धक्का मारून कडी तोडली तर तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धवट उघडे. ओढून गॅलरीत आणला. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत बोलायला लागला. डोकं मात्र पुढचे दोन दिवस ठणकत होतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "गॅस गिझर आहे का?"

त्या गिझरमध्ये गळती नव्हती. गॅसचा वासही आला नव्हता. गिझर अगदी चांगला होता, खोली चुकीची होती.

हवेचं गणित

एलपीजी जळायला हवा लागते, आणि ती किती लागते याचा आपल्याला अंदाजच नसतो. हिशोब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी १५ अंशांवरून ४० पर्यंत तापवायचं तर साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. थोडी वाया जाते ती धरली तर मिनिटाला अंदाजे १७ ग्रॅम गॅस. आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साडेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे १७ ग्रॅमला सव्वादोनशे लिटर हवा, दर मिनिटाला!

आता आमच्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये हवा किती? ०.८ गुणिले ०.८ गुणिले १.९, म्हणजे साधारण १,२०० लिटर. नवी हवा आत आली नाही तर कागदावर साडेपाच मिनिटांत सगळा ऑक्सिजन संपला. ज्योत बिघडायला तेवढाही वेळ लागत नाही. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आणि त्याच कपाटात तुम्ही डोक्याला शाम्पू लावून उभे आहात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि ते रसायन गॅससोबत जळून जातं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातली ताकद जाते. कळतं तोवर कडी काढायचं बळ राहिलेलं नसतं. दर हिवाळ्यात गॅस गिझरच्या अशा बातम्या येतात आणि खाली कोणीतरी "गॅस लीक झाला असेल" असं लिहितं. बहुतेक वेळा लीक झालेला नसतो.

फॅब्रिकेटरची "छोटीशी खिडकी" घरात कदाचित निभावून नेईल, कदाचित नाही. ट्रेलरमध्ये ती थंडीत आपणच बंद करणार, जशी आम्ही पुठ्ठ्याने केली होती. म्हणून माझा नियम साधा आहे: ट्रेलरच्या आतली हवा घेऊन जळणारी कोणतीही गोष्ट पाणी तापवायला आत बसवायची नाही. उघड्या किचनमधली शेगडी चालेल, बंद डब्यात काहीच नाही.

मग विजेवरचा घ्यावा का?

इथे बहुतेकांची दुसरी चूक होते. "सोलर पॅनल आहे, लिथियम बॅटरी आहे, घरचा इन्स्टंट गिझर चालेल ना?" नाही चालणार. इन्स्टंट गिझर ३ किलोवॉटचा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून तो चालवायचा तर बॅटरीतून २५० अँपिअर खेचले जातील. घरातल्या गिझरच्या लाइनला सहसा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी असतो, त्यावरून अंदाज घ्या. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज मावते, आणि बऱ्याच बॅटऱ्यांची आतली सुरक्षा-पाटी १०० अँपिअरलाच पुरवठा तोडते. गिझर सुरू व्हायच्या आधी सगळा ट्रेलर अंधारात.

स्टोरेज गिझरचं गणित जरा बरं आहे. १० लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. २ किलोवॉटच्या एलिमेंटने हे काम सोळा-सतरा मिनिटांत होतं. आणि ते ६० अंशांचं १० लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की आंघोळीचं ४० अंशांचं १८ लिटर होतं. म्हणजे एका माणसाची भरपूर किंवा दोघांची आटोपशीर आंघोळ. पण बॅटरीवर केलं तर इन्व्हर्टरचं नुकसान धरून निम्मी बॅटरी एका आंघोळीत गेली. फ्रिज, पंखा, मोबाइल चार्जिंग कशावर चालवणार?

तेव्हा विजेचा गिझर घ्यायचा तो बाहेरच्या सॉकेटवर चालवायला. रिसॉर्टच्या आवारात किंवा मुक्कामाच्या ठिकाणी १६ अँपिअरचा सॉकेट मिळाला की झालं. पेंच, ताडोब्याला तसंही जंगलात मुक्काम करता येत नाही, गेटजवळच्या कुठल्यातरी आवारातच ट्रेलर उभा करावा लागतो. मग तिथली वीज असतेच.

मात्र ट्रेलर म्हणजे रबरी टायरवर उभा असलेला पत्र्याचा डबा. त्याला स्वतःचं अर्थिंग नाही. बाहेरच्या सॉकेटची तिसरी पिन नुसती नावाला असेल आणि गिझरचं एलिमेंट फुटलं, तर अख्खा पत्रा करंट मारू शकतो. तुम्ही ओल्या पायाने जमिनीवर उभे राहून दाराच्या कडीला हात लावला की वीज तुमच्यातून जाणार. म्हणून तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका. ट्रेलरमध्ये वीज शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पत्रा, चॅसी आणि अर्थची वायर यांची पक्की जोडणी. आणि सॉकेट टेस्टर: तीन दिव्यांचा छोटा प्लग, खिशात मावतो, सॉकेटमध्ये घातला की अर्थची वायर जोडलेली आहे का, वायरी उलट्या आहेत का ते सांगतो. नव्या जागी पोहोचलो की मी ट्रेलर जोडायच्या आधी तो घालतो. टेस्टरने "अर्थ नाही" म्हटलं तर त्या रात्री गिझर बंद, विषय संपला.

एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून फोन चार्जिंगची बारीक वायर नको. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळावर २ किलोवॉट चालवलं की आतली वायर तापून वितळते. माझी एक वितळली आहे.

गॅसच हवा असेल तर

चार-पाच जण आहेत, जिथे जाता तिथे वीज नाही, तर गॅससारखं सोपं काही नाही हेही खरं. ५ मिनिटांच्या शॉवरला वरच्या हिशोबाने ८५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरमध्ये पन्नासेक आंघोळी होतात. हे छोटे सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतात. इंडियन ऑइलचा 'छोटू', एचपीचा 'अप्पू' ही नावं तुम्ही ऐकली असतील. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर उचलून नेऊ नका.

बाहेर देशांत कॅरव्हॅनसाठी वेगळेच गॅस हीटर मिळतात. जर्मनीची ट्रुमा, अमेरिकेतली सबर्बन या कंपन्यांचे. त्यांची ज्योत पूर्ण बंद पेटीत असते, हवा भिंतीतल्या झडपेतून बाहेरून येते आणि धूर त्याच झडपेतून बाहेर जातो. आतल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. आपल्याकडे तो मागवावा लागतो, महाग पडतो आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार हा प्रश्न राहतो. नागपुरात मला तरी कोणी सापडलं नाही.

परवडणारा रस्ता म्हणजे बाहेर टांगायचा कॅम्पिंग गिझर. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर दोन हुक, त्यावर गिझर, आत येतो तो फक्त गरम पाण्याचा पाइप. काम झालं की काढून डिकीत. तो उघड्यावरच चालवायचा. पाऊस आला म्हणून ताडपत्री गुंडाळली की पुन्हा तोच बंद डबा तयार झाला. खिडकी किंवा दाराच्या अगदी शेजारीही टांगू नका, धूर आत येतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि तो कप्पा झोपायच्या जागेकडे उघडता कामा नये. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि सिलिंडर उभा.

एक घोळ पंपाचा होतो. असे गिझर पाण्याच्या दाबावर पेटतात. १२ व्होल्टचा छोटा पंप दाब वाढला की थांबतो, कमी झाला की सुरू होतो. नळ अर्धवट उघडला की पंप धडधडत राहतो, ज्योत पेटते-विझते आणि अंगावर एकदा उकळतं, एकदा बर्फाचं पाणी येतं. पंपाच्या पुढे छोटी दाबाची टाकी बसवली की हे बरंच थांबतं. गिझर घेताना त्यावर लिहिलेला किमान दाब आणि पंपाचा दाब जुळतो का ते दुकानातच बघा.

अलार्म घेताना फसू नका

ऑनलाइन 'गॅस डिटेक्टर' शोधलं की जे समोर येतं ते बहुधा एलपीजी गळती ओळखणारं यंत्र असतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. 'एअर क्वालिटी मीटर' कार्बन डायऑक्साइड दाखवतो, तोही वेगळा. फोनमध्ये तर असा सेन्सर नसतोच, त्यामुळे "फोनने विषारी वायू ओळखा" छाप ॲप सरळ उडवून टाका. हवा तो कार्बन मोनॉक्साइड अलार्म, ज्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक लिहिलेलं असतं. या मानकाचा अलार्म हवेत दर दहा लाख भागांत ३०० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर ३ मिनिटांच्या आत वाजतो, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत. तो झोपताना डोकं जिथे असतं त्या उंचीवर लावा. एलपीजीचा डिटेक्टर मात्र खाली, जमिनीजवळ. दोन्ही लागतात.

अलार्म वाजला, किंवा दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर आधी सगळे बाहेर. मग गॅस बंद, दारं उघडी, आणि कोणी गुंगीत असेल तर १०८. गॅसचा वास येत असेल तर १९०६ हा गळतीचा हेल्पलाइन नंबर आहे. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

डिझेल आणि इंजिनची उष्णता

लेह-स्पितीला जाणारे लोक डिझेल हीटर वापरतात. चांगली वस्तू आहे, पण ट्रेलरला स्वतःची डिझेल टाकी नसते, आणि विदर्भाच्या थंडीसाठी एवढा खटाटोप मला जास्त वाटतो. इंजिनच्या गरम कूलंटवर पाणी तापवणारी टाकीही मिळते. गाडी तासभर चालली की पाणी फुकटात तयार! पण ते व्हॅनवाल्यांसाठी. ट्रेलरमध्ये इंजिन पुढच्या गाडीत आणि आंघोळ मागच्या डब्यात, पाइप कुठून नेणार?

ऊन तर आपलंच आहे

२० लिटरची काळी सोलर शॉवर पिशवी. सकाळी भरून ट्रेलरच्या टपावर आडवी टाकायची. जानेवारीत दुपारी तीनला मी किचनच्या थर्मामीटरने मोजलं तर ४१ अंश भरलं. वीज नाही, ज्योत नाही, दुरुस्ती नाही. अट एकच, आंघोळ सकाळऐवजी दुपारी किंवा संध्याकाळी करायची. रात्रभर ठेवलं की पाणी पुन्हा गार. सफारीहून धुळीने माखून परत येतो तेव्हाच खरी आंघोळ हवी असते, म्हणून आम्हाला हे जमलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या लहानपणी गंजभर पाणी अंगणात उन्हात ठेवत होतो, त्याचे पैसे कोणी घेतले नाही."

विकत घेताना

विजेचा स्टोरेज गिझर असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २०८२ बघा, घरगुती गॅस गिझरवर आयएस १५५५८. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. एका दुकानात मी नंबर टाकला तर परवाना भलत्याच वस्तूचा निघाला. दुकानदार म्हणाला, "नेटवर्क प्रॉब्लेम असेल." मी गिझर तिथेच ठेवून आलो.

१० लिटरचा गिझर पाण्यासकट पंधराएक किलो भरतो. तो ट्रेलरच्या अगदी मागे टांगू नका. मागे वजन वाढलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलायला लागतो. चाकांच्या आसाजवळ, खाली बसवा. घरचा गिझर दोन बोल्टवर भिंतीला लटकतो, पण रस्त्यावरचे खड्डे ते दोन बोल्ट सैल करतात. आम्ही खालून पट्टीचा आधार दिला आणि पाइप लवचिक घेतले. पाणी भरल्याशिवाय स्विच लावायचा नाही, एलिमेंट कोरडं तापलं की जळतं. आधी गरम पाण्याचा नळ उघडून धार येऊ द्या, मगच स्विच. बोअरचं पाणी भरत असाल तर हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून एलिमेंटवरचा पांढरा थर काढा.

आम्ही काय केलं? १० लिटरचा विजेचा स्टोरेज गिझर, आरसीसीबीसह. टपावर दोन काळ्या पिशव्या. आणि जिथे वीज नाही, ऊन नाही तिथे बाहेरच्या शेगडीवर इतवारीतून घेतलेला ॲल्युमिनियमचा मोठा गंज. बाथरूमच्या ज्या भिंतीला फॅब्रिकेटर गॅस गिझर लावणार होता तिथे आता टॉवेलची खुंटी आहे. ट्रेलर न्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "गिझर लावला असता तर बरं झालं असतं." मी त्याला हवेचा हिशोब मोबाइलवर करून दाखवला. त्याने तो पुन्हा स्वतःच्या फोनवर केला, मग दुसऱ्या एका अर्धवट बनलेल्या ट्रेलरकडे बघितलं आणि पोराला हाक मारली, "अरे, त्या बाथरूमचं भोक पाडलं का? थांब जरा."